बरणीचे सात टाके : जुन्या वस्तूंचे व्यापारी आणि लिलावदार यांना खुले पत्र

स. न. वि. वि.

मुंबई, पुणे, पणजी, बडोदा इथे किंवा परदेशात बसून जुनी चिनी भांडी विकणाऱ्या, लिलावाला लावणाऱ्या आणि विक्रीआधी ती दुरुस्त करून देणाऱ्या सर्वांना हे पत्र आहे. सव्वीस वर्षं मी तुमची गिऱ्हाईक आहे. माझ्याकडे आज जे काही आहे ते तुमच्याच दुकानांतून आणि लिलावांतून आलेलं आहे. डोळा तयार झाला तोही तुमच्याकडच्या वस्तू तासन् तास हातात घेऊन. तुम्ही कधी मला हटकलं नाहीत, म्हणून हे अधिकाराने लिहिते आहे.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगते. भांड्यावरची जुनी दुरुस्ती झाकू नका, काढू नका, आणि विकताना ती कुठे आहे हे बिलावर लिहून द्या.

हे लिहायला एक बरणी कारण झाली. २०१२ साली दक्षिण मुंबईतल्या एका दुकानातून मी चीनच्या कांगशी सम्राटाच्या काळातली (१६६२–१७२२) निळी-पांढरी बरणी घेतली. वीत-सव्वा वीत उंची, भरदार खांदे, अरुंद तोंड, झाकण मागाहून बसवलेलं लाकडी. अंगभर गडद निळ्या रंगात फुटलेल्या बर्फाच्या भेगा, आणि त्या निळ्यावर पांढऱ्या राखलेल्या प्लमच्या फांद्या. चीनमध्ये हे झाड थंडी सरायच्या आत, एकही पान नसलेल्या फांदीवर फुलतं. त्याच सुमाराला नदीवरचा बर्फ तडकायला लागतो. वसंत येतो आहे, एवढंच त्या चित्राचं म्हणणं. इंग्रज व्यापाऱ्यांनी त्या फुलांना हॉथॉर्न म्हटलं, आणि ते चुकीचं नाव अजूनही कॅटलॉगांत भेटतं.

"एकही तडा नाही," असं मला सांगण्यात आलं. मी टिचकी मारून पाहिली. आवाज बसका आला. पण बरणीचा आवाज वाडग्यासारखा खणखणीत नसतोच, अशी मी मनाची समजूत घातली, कारण मला ती बरणी फार हवी होती.

सहा वर्षांनी, पावसाळा संपल्यावर कपाट पुसताना, खांद्यावर पिवळसर ठिपके दिसले. दोन-दोनच्या जोड्या. एका वाकड्या रेषेच्या दोन्ही अंगांना, एकूण सात जोड्या. खोली काळोखी करून नोटा तपासायची अतिनील बॅटरी धरली, तर तळहाताएवढा भाग बाकी बरणीपेक्षा वेगळाच, दुधट चमकू लागला. एका संवर्धकाकडे नेली. त्यांनी कापसाच्या बोळ्याने हलक्या हाताने वरचा रंग उतरवला. खाली तोंडापासून खांद्यापर्यंत उतरलेला जुना तडा होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लुकण भरून बुजवलेली चौदा छिद्रं. कधीतरी कुणीतरी ही बरणी धातूचे सात टाके घालून सांधली होती. मला विकायच्या आधी कुणीतरी ते टाके उपटले, छिद्रं बुजवली, वरून पिचकारीने रंग मारला आणि त्या रंगावर बर्फाच्या नव्या भेगा काढल्या. खरा तडा चितारलेल्या तड्यांत हरवून टाकला. हात कसबी होता यात शंकाच नाही. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, टाके कुरूप दिसतात, गंजतात, झिलईवर, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपावर, डाग पाडतात. लोखंडी टाके गंजतात हे खरं. पण ते टाके काय होते, हे आधी पाहू.

चीनमध्ये या कामाला 'जू' म्हणतात. आपल्याकडे कल्हईवाला जसा गल्लीत येऊन आरोळी द्यायचा, तसा तिथे खांद्यावर कावड आणि कावडीत अवजारांच्या पेट्या घेऊन हा कारागीर दारोदार फिरायचा. फुटलेले तुकडे आधी जुळवून दोरीने आवळायचे. मग टोकाला हिऱ्याची कणी बसवलेला सामता दोरीच्या कामठ्याने फिरवत तड्याच्या दोन्ही बाजूंना छिद्रं पाडायची. भांड्याची भिंत दोन-तीन मिलिमीटरची, आणि छिद्र आरपार जाता कामा नये, निम्म्यावर थांबलं पाहिजे. मग पितळेचा किंवा लोखंडाचा चपटा टाका ठोकून अशा बेताने घडवायचा, की छिद्रांत बसताना तो दोन्ही काठ एकमेकांकडे ओढून धरील. शेवटी अंड्याचा पांढरा बलक आणि भांड्यांची पूड यांचं लुकण. असं सांधलेलं भांडं पुन्हा चहा धरायचं. हिऱ्याचं टोक जवळ नसेल तर चिनी भांड्याचं काम अंगावर घेऊ नये, अशी चिनी भाषेत म्हण आहे. आज ती कुठल्याही अवघड कामाबद्दल वापरतात, पण ती जन्मली या कारागिरांच्या हाताखाली.

टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात एक हिरव्या झिलईचा वाडगा आहे. चित्रित नाही, चीनमधल्या लाँगछ्वानच्या भट्ट्यांतला आहे, तरी इथे सांगावासा वाटतो. पंधराव्या शतकात तो आशिकागा योशिमासा या शोगुनकडे, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाकडे, होता. त्याला तडा गेला, तेव्हा तसाच दुसरा मिळावा म्हणून तो चीनला पाठवला. तितका सुंदर आता आमच्याकडे होत नाही, असा निरोप देऊन चीनच्या तेव्हाच्या मिंग घराण्याच्या दरबाराने तोच वाडगा टाके घालून परत पाठवला, अशी हकिकत आहे. ते टाके टोळासारखे दिसतात म्हणून वाडग्याचं नावच पडलं बाकोहान. जपानी लोकांनी ते टाके कधी काढले नाहीत. त्यांच्याकडे तो वाडगा टाक्यांमुळे थोर ठरला.

माझ्या बरणीचे टाके कुणी घातले? चीनमध्येच, की लंडनच्या एखाद्या भांडी सांधणाऱ्याने, की इथे कुणी? धातू कुठला, टाका चपटा की गोल तारेचा, छिद्रं किती अंतरावर, यांवरून पुष्कळ सांगता येतं. टाके जागेवर असते तर तेव्हाच्या मालकाला ही बरणी किती मोलाची वाटत होती आणि ती कुठल्या वाटेने आली, याचा तो एकमेव पुरावा होता. आता चौदा बुजवलेली छिद्रं आहेत. तळाशी एका जुन्या चिकटवलेल्या कागदाचा चौकोनी फिका ठसाही आहे. तोही कुणीतरी भिजवून काढला.

वरून मारलेला रंग मला एवढा का खुपतो, हे कळायला ही भांडी रंगवतात कशी ते पाहावं लागतं. जियांग्शी प्रांतातल्या जिंगदेझेनमध्ये चित्र काढतात ते कच्च्या, वाळलेल्या मातीवर. कोबाल्टची पूड पाण्यात कालवलेली, रंगाने करडी-काळपट, निळेपणाचा मागमूस नाही. सुकी माती टीपकागदासारखी पाणी शोषते, म्हणून कुंचला टेकला की रेघ आत गेली. थबकलात तर डाग. पुसता येत नाही, खोडता येत नाही. त्यावर झिलई, मग सुमारे तेराशे अंशांची भट्टी, आणि भट्टी उघडेल तेव्हा निळा दिसणार. चितारी निळा रंग डोळ्यांनी न बघता निळ्याच्या पाच-सहा छटा लावतो. माझ्या बरणीवर बर्फाच्या निळ्यात कुंचल्याचे फटकारे एकावर एक दिसतात. कुठे पाणी जास्त होतं, कुठे हात घाईत होता, तेही कळतं. हा निळा झिलईखाली आहे. नख फिरवलं तर काचच लागते. दुरुस्तीचा निळा झिलईवर बसलेला असतो, हाताला जरा कोमट आणि मऊ लागतो, आणि काही वर्षांत पिवळा पडतो.

फ्रेंच जेझुइट फादर दाँत्रकोल जिंगदेझेनमध्ये राहत होते. १७१२ मध्ये, म्हणजे माझी बरणी जन्मली त्याच कांगशीच्या राज्यात, त्यांनी मायदेशी पाठवलेलं पत्र आजही वाचायला मिळतं. रात्री भट्ट्यांच्या ज्वाळांनी सगळं गाव पेटल्यासारखं दिसतं, असं ते लिहितात. एकेक भांडं सत्तर हातांतून जातं म्हणतात. एकजण फक्त काठाचं वर्तुळ काढतो, दुसरा फुलांच्या रेषा, तिसरा त्यांत रंग भरतो. डोंगर-पाणी काढणारा वेगळा, पक्षी-प्राणी काढणारा वेगळा. एवढ्या हातांतल्या एकाचंही नाव भांड्यावर नाही. टाके घालणारा हा त्या हातांच्या रांगेतला शेवटचा हात आहे, असं मी मानते.

त्याच पत्रात आणखी एक गोष्ट आहे, ती तुम्ही मुद्दाम वाचावी. नवं भांडं जुनं दाखवायचं कसं, याची कृती. कोंबड्यांच्या आणि इतर मांसाच्या दाट तेलकट रश्शात भांडं शिजवायचं, मग महिनाभर घाणेरड्यातल्या घाणेरड्या गटारात ठेवायचं. बाहेर काढलं की ते तीन-चारशे वर्षांचं, निदान मिंग काळातलं म्हणून खपतं. तीनशे वर्षांपूर्वी गिऱ्हाइकाला जुनं हवं होतं म्हणून नव्याला घाण फासत. आज गिऱ्हाइकाला जुनं पण कोरं हवं आहे, म्हणून जुन्यावर रंग फासतात.

आता तळावरच्या शिक्क्यांबद्दल, कारण तिथेही हेच होतं. माझ्या बरणीच्या तळाशी निळ्या दुहेरी वर्तुळाशिवाय काही नाही. वर्तुळ रिकामं. नवशिक्याला वाटतं, शिक्का राहून गेला. १६७७ मध्ये जिंगदेझेन ज्या फूलियांग परगण्यात होतं, तिथल्या अधिकाऱ्याने भांड्यांवर सम्राटाच्या राजवटीचं नाव लिहायला मनाई केली. भांडं फुटणार, तुकडे उकिरड्यावर जाणार, आणि सम्राटाचं नाव पायदळी येणार, हे कारण. म्हणून त्यानंतरच्या कितीतरी भांड्यांवर रिकामं वर्तुळ आहे, किंवा एखादं पान आहे, किंवा दोनशे वर्षांपूर्वीच्या छंगह्वा या मिंग सम्राटाचं (१४६५–८७) नाव आहे. छंगह्वाच्या नावात फसवणूक असतेच असं नाही. जुन्या कामाला केलेला तो नमस्कारही असतो. पण तीच बशी तुमच्या मांडणीवर 'मिंग' अशी चिठ्ठी लावून येते तेव्हा फसवणूक सुरू होते, आणि ती तीनशे वर्षांपूर्वीच्या कुंभाराने केलेली नसते. त्या अधिकाऱ्याच्या हुकमात मला एक गोष्ट फार मोलाची वाटते. भांडं फुटणारच, हे त्याने गृहीत धरलं होतं. आपण विकत घेताना मात्र तीनशे वर्षांत ते फुटलंच नसेल, असं गृहीत धरतो.

पर्सिव्हल डेव्हिड हे नाव तुमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते मुंबईचे होते, हे आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. जन्म मुंबईत, १८९२ साली. शिक्षण एल्फिन्स्टन कॉलेजात. वडील सर ससून डेव्हिड, बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी एक. घराण्याचा व्यापार थेट चीनशी. मुलाने जमवलेल्या सतराशेच्या आसपास चिनी भांड्यांचा संग्रह १९५० मध्ये लंडन विद्यापीठाला दिला. आज तो ब्रिटिश म्युझियममध्ये ९५ क्रमांकाच्या दालनात आहे, आणि २०२४ मध्ये तो कायमचा त्या संग्रहालयाला देण्याचं विश्वस्तांनी जाहीर केलं. भारत आणि चीन यांच्यामधल्या व्यापाराने कमावलेला पैसा, आणि एका मुंबईकराचा डोळा. त्या दालनात उभं राहून मला अभिमान वाटला आणि हुरहूरही लागली.

डेव्हिड यांना लेख असलेली भांडी हवी असायची. त्यांच्या संग्रहातला सर्वांत नावाजलेला जोड म्हणजे दोन उंच फुलदाण्या, साठ सेंटिमीटरहून थोड्या अधिक उंचीच्या, अंगावर निळे ड्रॅगन, मानेवर केळीच्या पानांच्या मध्ये उभा लेख. झांग वेनजिन नावाच्या भक्ताने घराच्या आणि मुलाबाळांच्या भल्यासाठी एक धूपपात्र आणि या फुलदाण्या देवळात वाहिल्या, असं त्यात लिहिलं आहे, आणि साल दिलं आहे. आपल्या गणनेने १३५१. हा लेख कळण्याआधी, युआन म्हणजे मिंगच्या आधीच्या घराण्याच्या काळात इतक्या पक्क्या हाताचं निळं-पांढरं काम होत असेल यावर कुणाचा विश्वास नव्हता. १९२९ मध्ये ब्रिटिश म्युझियमचे हॉब्सन यांनी हा लेख प्रसिद्ध केला, आणि १९५०च्या दशकात अमेरिकी अभ्यासक जॉन अलेक्झांडर पोप यांनी त्याच्या आधारे इस्तंबूलच्या तोपकापी महालातली आणि इराणच्या अर्दबीलच्या दर्ग्यातली भांडी ओळखून काढली. एका भाविकाच्या चार ओळींवर निळ्या-पांढऱ्या भांड्यांच्या एका सबंध शतकाचा इतिहास उभा राहिला. (गंमत अशी, की डेव्हिड यांनी ज्या चिनी पारखग्रंथाचा अनुवाद करायला आयुष्याची वर्षं दिली, तो १३८८ सालचा ग्रंथ निळ्या चित्रांच्या आणि पाच रंगांच्या भांड्यांना फार गावंढळ म्हणतो. रुची अशी बदलत जाते. भांडं मात्र तेच राहतं.)

त्या दोन फुलदाण्यांचे कान हत्तीच्या तोंडाचे आहेत आणि त्यांत एकेकाळी कड्या होत्या. त्या कधीच तुटून गेल्या. जगातल्या सर्वांत महत्त्वाच्या चिनी फुलदाण्या कड्यांविना उभ्या आहेत. नव्या कड्या करून बसवाव्यात, असं कुणाच्याही मनात येत नाही.

अर्दबीलचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. १६११ मध्ये शाह अब्बासने हजाराहून जास्त चिनी भांडी त्या दर्ग्याला वक्फ केली, आणि आपलं नाव कोरलेला शिक्का भांड्यांच्या झिलईत खोदून घेतला. आपल्याकडे शाहजहाननेही आपलं नाव आणि हिजरी साल चिनी बशांच्या काठावर, तळावर कोरून घेतलं. आजच्या लिलावाच्या भाषेत ही 'खराबी' म्हणावी लागेल. कोरीव ओरखडे, झिलईला इजा. पण शाहजहानचं नाव बुजवून वरून झिलईसारखा रंग मारावा, असं तुमच्यापैकी कुणी करील का? बादशहाचा ओरखडा इतिहास ठरतो आणि गल्लीतल्या कारागिराचा टाका डाग ठरतो. हा भेद मला पटत नाही.

जिंगदेझेनला मी एकदा जाऊन आले. झुशान टेकडीवर शाही भट्ट्यांची जागा आहे. मिंग काळात सम्राटासाठी केलेल्या मालात जरा दोष निघाला की ते भांडं फोडून तिथेच पुरत, म्हणजे बाहेर कुणाच्या हाती लागू नये. १९८०च्या दशकात ल्यू शिनयुआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ढीग उकरले आणि तुकड्याला तुकडा लावत भांडी उभी केली. त्यांत छंगह्वाचे कोंबड्यांचे पेलेही आहेत. झिलईखाली निळी बाह्यरेषा, झिलईवर लाल-पिवळे-हिरवे रंग, कोंबडा, कोंबडी आणि पिल्लं. सगळा पेला मुठीत मावेल एवढा. असाच एक अखंड पेला २०१४ मध्ये हाँगकाँगच्या लिलावात २८ कोटी १२ लाख हाँगकाँग डॉलरना गेला, आणि घेणाऱ्या ल्यू यीचियान यांनी त्यातून चहा प्यायलेला फोटो जगभर फिरला. जिंगदेझेनचा पेला सांधलेला आहे. जिथे तुकडा सापडला नाही तिथे साधी पांढरी भर आहे, कोंबडीचं अर्धं अंग नाही. त्या काचेपुढून माझा पाय निघेना. चित्र कुठे संपतं आणि आपलं अज्ञान कुठे सुरू होतं, हे त्यात सरळ दिसत होतं.

सोमवारी पहाटे तिथे तुकड्यांचा बाजार भरतो. अंधारात बॅटऱ्या घेऊन माणसं जमिनीवर पसरलेल्या खापऱ्या चाळत असतात. मी पाहिलं, की शिकणारी मुलं अख्ख्या भांड्यापेक्षा खापरी आधी उचलतात. कारण खापरीच्या कडेला माती दिसते, झिलईची जाडी दिसते, रंग किती खोल गेला आहे ते दिसतं. मोडलेली जागा हीच शाळा आहे. तुम्ही ती जागा रंगवता तेव्हा ती शाळा बंद करता.

आणि एक कठोर गोष्ट लिहायलाच हवी. जोड न दिसू देण्याची जी कला साध्या दुरुस्तीत वापरतात, तीच पुढे बनावट मालात वापरतात. अस्सल जुन्या फुटक्या भांड्याचा शिक्क्याचा तळ कापून नव्या अंगाला जोडायचा आणि सांधा रंगाखाली दडवायचा, हे चालतं हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. तळ तपासणाऱ्याला तळ जुनाच सापडतो. भट्टीचं वय मोजणाऱ्या चाचणीसाठी तळातून भुकटी घेतली तर तीही जुनंच वय सांगते. दडवलेली प्रत्येक जोड ही प्रामाणिक दुकानदाराच्या मालावरही संशय आणते. तुमचं नुकसान आमच्यापेक्षा कमी नाही.

दोष आमचाही आहे, हे मान्य करते. केसाएवढी रेघ दिसली की आम्ही किंमत पाडतो. कपाटात मांडायला आम्हाला भरलेला, चकचकीत, टवका नसलेला माल हवा असतो. "लोकांना हेच लागतं," असं तुम्ही म्हणता ते खोटं नाही. पण एवढंच पाहा, की आम्ही दुरुस्ती असलेली वस्तू नाकारतो तेव्हा निवड आमची असते. तुम्ही दुरुस्ती झाकून देता तेव्हा ती निवड आमच्याकडून काढून घेतलेली असते. माझ्या बरणीवर टाके आहेत असं सांगून तुम्ही निम्मी किंमत लावली असती, तर मी ती घेतलीच असती. दर पावसाळ्यानंतर ते टाके कापडाने पुसले असते.

दुरुस्तीच करू नका, असं मी म्हणत नाही. वाडगा गळत असेल, तुकडा हलत असेल, तर तो सांधलाच पाहिजे. संग्रहालयातल्या संवर्धकांचा एक नियम आहे: भर सहा फुटांवरून खुपू नये, पण सहा इंचांवरून दिसावी. आणि पुढच्या माणसाला ती सोडवता यावी असाच चिकट पदार्थ वापरावा. एवढा नियम पाळला तरी कारागिराच्या कसबाला भरपूर वाव उरतो. पिचकारीने अर्धी बरणी मढवायची गरज राहत नाही.

कागदांबद्दलही हेच. चीनमधल्या कँटनहून हॉलंडला निघालेलं गेल्डरमाल्सेन हे डच ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज १७५२ च्या जानेवारीत खडकावर आपटून बुडालं. १९८५ मध्ये त्यातली सुमारे दीड लाख भांडी वर काढली, आणि १९८६ मध्ये ॲमस्टरडॅमला त्यांचा लिलाव झाला. त्या वेळी बीजिंगच्या पॅलेस म्युझियमने दोन जाणकार तीस हजार डॉलर देऊन पाठवले होते. एकही भांडं न घेता ते परतले. समुद्राच्या तळाशी कुठलं भांडं कुठे होतं ही माहिती तर त्या घाईत गेलीच. आज त्या मालातल्या एखाद्या साध्या चहाच्या बशीवर लिलावाची ती जुनी चिकटपट्टी असेल तर जाणकार ती जपतात, कारण ती नसली तर बशीला त्या जहाजाशी जोडणारं काही उरत नाही. मग आपल्या घरांतल्या भांड्यांच्या तळाचे कागद तुम्ही का भिजवता? मुंबईच्या पारशी घरांत ही भांडी चीनच्या व्यापारातून आली. जमशेटजी टाटांचे मुलगे सर रतन आणि सर दोराब या बंधूंनी जमवलेली आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहता येतात. गोव्यात चांदोरच्या ब्रागांझा वाड्यात मकावच्या वाटेने आलेली चिनी भांडी अजून घरातच आहेत. जे घर मोडतं, वाटण्या होतात, त्या घरातलं भांडं तुमच्याकडे येतं. त्याच्या तळाला आजीच्या हातची चिठ्ठी असेल, एखाद्या जुन्या दुकानाचा कागद असेल, गुजराती आकड्यांत किंमत असेल. ते तसंच राहू द्या. नाव उघड करायचं नसेल तर झाका, पण फाडू नका.

यासाठी नवा कायदा नको. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे तुम्हाला परवाना लागतो, नोंदवही ठेवावी लागते, छायाचित्रं ठेवावी लागतात. त्या नोंदीत एक ओळ वाढवा: वस्तू हाती आली तेव्हा कशी होती, आणि आपण तिला काय केलं. दुरुस्तीआधीचा एक फोटो ठेवा आणि तो गिऱ्हाइकाला द्या. लिलावाच्या कॅटलॉगात 'वयानुरूप झीज' असं मोघम लिहू नका; 'तोंडाशी दोन इंचांचा तडा, सात जुने टाके' असं लिहा. शिक्का छंगह्वाचा आणि काम कांगशीचं असेल तर दोन्ही लिहा. मी आणि माझ्या ओळखीचे जमवणारे यापुढे हे मागणार आहोत, आणि लिहून मिळालं नाही तर वस्तू मांडणीवर परत ठेवणार आहोत.

माझी बरणी आता कपाटात आहे. रंग उतरवलेला आहे, तडा उघडा आहे, छिद्रांतलं पिवळं लुकणही काढून घेतलं. संवर्धकांनी तडा आतून धरून ठेवला आहे. बाहेरून सांधा दिसतो. छिद्रं मी रिकामीच ठेवली.

ज्यांनी मला ती विकली ते हे पत्र वाचतील, अशी आशा आहे. तुमचं नाव मी कुठे घेतलेलं नाही, घेणारही नाही, पैसेही परत नकोत. टाके काढणारे कारागीर जुना धातू सहसा फेकत नाहीत, एखाद्या डबीत टाकून ठेवतात. ती डबी तुमच्याकडे किंवा त्यांच्याकडे असेल तर एकदा उघडून पाहा. सात टाके, साधारण बोटाच्या पेराएवढे. मिळाले तर मला कळवा; तुम्ही म्हणाल ती किंमत देऊन मी ते घेऊन जाईन.

आपली,
ठाण्याची एक संग्राहक